कृत्रिम खुबा आणि त्याचें निखळणें

खुब्याचा सांधा बदलून घरीं परतणाऱ्या माणसाच्या हातांत, इस्पितळांतून निघतांना, औषधांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक कागद देण्यांत येतो. त्यावर निषेधांची एक यादी असते. ठेंगण्या आसनावर बसूं नका. मांडी पोटाकडे काटकोनापलीकडे दुमडूं नका. एक पाय दुसऱ्यावर टाकूं नका. पाऊल आंतल्या बाजूला वळवूं नका. खालीं पडलेली वस्तु वाकून उचलूं नका. कुशीवर निजतांना दोन्ही गुडघ्यांमध्यें उशी ठेवा. घरांतलीं वडील माणसें ती यादी वाचून चकित होतात. दुखणें गेलें, सांधा नवा आला, आणि तो धातूचा आहे असेंहि सांगण्यांत आलें. मग धातूच्या वस्तूला कांचेच्या भांड्याप्रमाणें जपावयाचें तें कशासाठीं?

उत्तर एका वाक्यांत देतां येतें: नवा सांधा निखळूं नये म्हणून. पण तो निखळतोच कां, निसर्गाचा सांधा सहसा निखळत नाहीं तर मनुष्यकृत सांधाच कां निखळावा, याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं. त्याला एक इतिहास आहे. त्यांतला महत्त्वाचा भाग इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांत १९६० च्या आगेंमागें घडला, आणि तेथें एका शस्त्रवैद्यानें केलेल्या निवडीचा हिशेब आज साठांहून अधिक वर्षें झालीं तरी चालूच आहे. तो हिशेब आज मी श्रोत्यांपुढें मांडणार आहें.

प्रथम निसर्गानें दिलेला सांधा पाहूं. मांडीच्या हाडाचें वरचें टोंक गोल असतें. हा गोळा कमरेच्या हाडांतील एका खोल खोबणींत बसतो. आपण मराठींत याला उखळीचा सांधा म्हणतों, आणि तें नांव फार समर्पक आहे. प्रौढ माणसाच्या या गोळ्याचा व्यास साधारणपणें ४० ते ५५ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांच्या आसपास असतो. खोबणीच्या कांठाला कूर्चेची एक लवचिक झालर असते. ती गोळ्याला घट्ट लपेटून बसते. त्याभोंवतीं बळकट संधिकोश, कोशाच्या पुढच्या अंगाला शरीरांतील सर्वांत दणकट समजलें जाणारें बंधन, आणि या सर्वांवर स्नायूंचें जाड आवरण अशी ही व्यवस्था आहे.

यांपैकीं गोळ्याला खरोखर धरून कोण ठेवतें? जर्मनींतील वेबर बंधूंनीं १८३६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या प्रश्नाचें उत्तर प्रयोगानें दिलें आहे. त्यांतील विल्हेल्म हा पदार्थविज्ञानाचा पंडित. त्यानें १८३३ मध्यें गाउस या गणितज्ञाच्या सोबतीनें ग्योटिंगेन गांवीं विजेच्या तारेवरून संदेश पाठविले होते. तेव्हां नभोवाणीच्या श्रोत्यांनीं त्याचें थोडें ऋण मानण्यास हरकत नाहीं. दुसरा भाऊ एडुआर्ड हा शरीरशास्त्रज्ञ. या दोघांनीं एका प्रेताच्या खुब्याभोंवतालचे सारे स्नायु कापले, संधिकोशहि कापला, आणि पाय तसाच लोंबत ठेवला. पाय पडला नाहीं. मग कमरेच्या आंतल्या बाजूनें खोबणीच्या तळाला त्यांनीं एक भोंक पाडलें. हवा आंत शिरतांच गोळा खोबणींतून निसटून खालीं आला! पाणी भरलेल्या पेल्यावर कागद ठेवून तो उपडा धरला तरी पाणी सांडत नाहीं, हा खेळ शाळेंत आपण सर्वांनीं केलेला असतो. तोच हवेचा दाब आपल्या पायालाहि तोलून धरीत असतो. कूर्चेची झालर त्या खोबणीची हवाबंद कड आहे.

असा सांधा निखळावयाचा म्हणजे आघातहि तसाच जबर पाहिजे. घोड्यावरून फेंकलें जाणें, उंचावरून पडणें, आणि अलीकडच्या काळांत मोटारीची टक्कर. प्राचीन वैद्यांना हा प्रकार चांगला परिचित होता. ग्रीक वैद्य हिपोक्राटीसच्या नांवावर असलेल्या सांध्यांविषयींच्या ग्रंथांत खुबा चार दिशांना निखळतो असें सांगून प्रत्येकाचीं लक्षणें दिलीं आहेत. आपल्याकडे सुश्रुतानें निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार मोजले आहेत. जागा सोडून गेलेलें मांडीचें हाड चक्राच्या योगानें ओढून बसवावें, आणि मग रोग्याला फळीवर निजवून पाय हलूं नये म्हणून भोंवतीं खुंट्या ठोकाव्या, असें त्याचें सांगणें आहे. या शय्येला त्यानें कपाटशयन म्हटलें आहे. पुढें अमेरिकेंत बोस्टनच्या हेन्री बिगेलो यानें १८६९ मध्यें दाखवून दिलें कीं, निखळलेला पाय केवळ जोर लावून ओढण्यापेक्षां मांडी वर दुमडून पुढचें बंधन सैल करावें, आणि मग हलक्या युक्तीनें गोळा परत खोबणींत न्यावा. ती युक्ति थोड्याफार फरकानें आजहि चालते.

परंतु हीं सर्व आघातानें घडणारीं निखळणीं झालीं. खुर्चीतून उठतांना किंवा पायमोजा चढवितांना खुबा निखळावा, ही भीति माणसाला ठाऊक नव्हती. ती त्यानें स्वतः सांधा घडविल्यावर निर्माण झाली.

सांधा घडविण्याचे आरंभीचे प्रयत्न मी झरझर सांगून टाकतों. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यानें १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. पण ते बहुधा क्षयानें पोखरलेल्या सांध्यांच्या जागीं बसविले असल्यामुळें पुवानें निकामी झाले. बोस्टनच्या स्मिथ-पीटर्सन यानें १९२३ मध्यें गोळ्यावर कांचेची वाटी पालथी घालून पाहिली. ती फुटे. १९३८ मध्यें त्यानें व्हायटॅलियम नांवाच्या मिश्रधातूची वाटी वापरली, आणि ती टिकली. त्याच वर्षीं लंडनमध्यें फिलिप वाइल्स यानें गोळा आणि खोबण दोन्ही पोलादाचीं बसविलीं. त्याचीं बहुतेक टिपणें पुढें महायुद्धाच्या गर्दींत नाहींशीं झालीं. १९४६ मध्यें पॅरिसच्या जूडे बंधूंनीं गोळा कापून टाकून त्या जागीं अॅक्रिलिक नांवाच्या, कांचेसारख्या दिसणाऱ्या कृत्रिम पदार्थाचा गोळा बसविला. युरोपभर त्याचा गाजावाजा झाला, पण थोड्याच वर्षांत तो झिजूं आणि सैल होऊं लागला.

याच जूडे गोळ्यानें आपल्या कथेचा नायक पुढें आणला. जॉन चार्नली हा लँकेशायरमध्यें १९११ सालीं जन्मलेला शस्त्रवैद्य. त्याच्याकडे एक गृहस्थ आले. त्यांच्या खुब्यांत जूडे पद्धतीचा गोळा होता आणि तो करकर आवाज करी. जेवतांना हे गृहस्थ टेबलावर पुढें झुकले कीं आवाज इतका होई कीं, पत्नीला त्यांच्या पंक्तीला बसणें असह्य झालें होतें. दुसऱ्या कोणा वैद्यानें हें हंसण्यावारी नेलें असतें. चार्नलीनें मात्र विचारलें, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा हा सांधा करकरतो कां? ज्या अर्थीं तो करकरतो त्या अर्थीं घर्षण फार आहे. आणि घर्षण फार असेल तर प्रत्येक पावलागणिक तो आपल्या बैठकींतून हिसकला जात असला पाहिजे. जूडेचे गोळे सैल कां होतात, याचें कारण त्याला या एका आवाजांत सांपडलें.

चार्नलीचें काम राइटिंग्टन येथें चालें. विगन शहराजवळचें हें इस्पितळ पूर्वीं क्षयरोग्यांसाठीं होतें. नव्या औषधांनीं क्षय हटूं लागला तशा तेथील खाटा रिकाम्या झाल्या होत्या. तेथें त्यानें एक लहानशी यंत्रशाळा उभी केली आणि हॅरी क्रेवन नांवाचा एक कुशल कारागीर हाताशीं घेतला. घर्षण कमी करावयाचें तर दोन गोष्टी करावयास पाहिजेत, असें त्याचें गणित होतें. एक, खोबणीला अतिशय गुळगुळीत पदार्थाचें अस्तर द्यावें. दुसरी, गोळा लहान करावा. दाराच्या बिजागरीचा खिळा जितका बारीक तितकें दार हलकें फिरतें. कारण घर्षणाचा जो विरोध असतो तो मध्यापासून जितक्या दूर अंतरावर लागेल तितका फिरण्याला अधिक बाधक होतो. गोळा लहान केला तर हा विरोध मध्याच्या जवळ येतो, शिवाय बाहेरच्या अस्तराला जाड करण्यास जागा उरते. या विचारानें मोठ्या गोळ्यापासून आरंभ करून तो पायरीपायरीनें खालीं उतरला आणि शेवटीं एक इंचाच्या सात अष्टमांशावर थांबला. हें माप २२.२२५ मिलिमीटर भरतें. मुलांच्या खेळांतील मोठ्या गोटीएवढा हा गोळा होता. निसर्गाच्या गोळ्याच्या जवळजवळ निम्मा.

अस्तरासाठीं त्यानें प्रथम टेफ्लॉन घेतलें. १९५८ पासून सुमारें तीनशें रोग्यांना तें बसविलें. पहिले महिने नवलाचे गेले. वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेलीं माणसें चालूं लागलीं. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याचा भुगा सांध्यांत सांचूं लागला, आणि त्या भुग्यानें हाड खाल्लें. यानंतर चार्नलीनें जें केलें त्याविषयीं मला फार आदर वाटतो. त्यानें त्या रोग्यांवर पुन्हां शस्त्रक्रिया केल्या, आणि आपल्या चुकीचा परिणाम स्वतःच्या हातानें उघडून पाहिला. एवढेंच नव्हे, तर शरीर या पदार्थाला कसें स्वीकारतें हें पाहण्यासाठीं टेफ्लॉनचे कण त्यानें आपल्या स्वतःच्या मांडींत टोंचून घेतले.

मे १९६२ मध्यें एक विक्रेता राइटिंग्टनच्या यंत्रशाळेंत एक नवें प्लॅस्टिक घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांच्या दांतेरी चाकांसाठीं तें वापरीत. त्याचें नांव घन पॉलिएथिलीन. चार्नलीनें त्यांत अंगठ्याचें नख रुतवून पाहिलें आणि तें बाजूला सारलें. क्रेवननें मात्र, साहेब परगांवीं गेले असतां, तो तुकडा आपल्या झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला. तीन आठवडे यंत्र अखंड चालून जी झीज झाली ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षांहि कमी भरली! नोव्हेंबर १९६२ मध्यें या प्लॅस्टिकची पहिली खोबण रोग्याच्या कमरेंत बसली. आज जगांत दरवर्षीं लक्षावधि लोकांचे खुबे बदलले जातात, त्यांचा मूळ पुरुष हा सांधा होय. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानें २००७ मध्यें या शस्त्रक्रियेवरील लेखाला शतकांतली शस्त्रक्रिया असें शीर्षक दिलें, त्यांत अतिशयोक्ति वाटत नाहीं.

पण श्रोतेहो, गोळा लहान झाला होता, ही गोष्ट विसरूं नये. गोळा खोबणीबाहेर पडण्यासाठीं त्याला आपल्या निम्म्या व्यासाएवढें सरकून कड ओलांडावी लागते. निसर्गाच्या गोळ्याला हें अंतर दोन-अडीच सेंटिमीटर पडतें. चार्नलीच्या गोळ्याला केवळ अकरा मिलिमीटर. दुसरें असें कीं, गोळा ज्या मानेवर बसतो ती मान बळकट असावी लागते, म्हणून ती फारशी बारीक करतां येत नाहीं. त्यामुळें लहान गोळ्याच्या सांध्यांत पाय थोडा अधिक वळला कीं मान खोबणीच्या कांठाला अडते. अडली कीं तोच टेकू होतो, सारा पाय तरफ होतो, आणि गोळा विरुद्ध बाजूनें उचकटून बाहेर येतो. डब्याचें झांकण चमच्यानें उचकटावें, तसें. त्यांतून हवाबंद झालर कापून गेलेली, संधिकोश उघडलेला, स्नायु सैलावलेले. कागदावरील निषेध आतां पुन्हां वाचावे. मांडी काटकोनापलीकडे दुमडली म्हणजे मान पुढच्या कांठाला अडते. त्याच वेळीं पाऊल आंत वळलें, किंवा पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे गेला, कीं गोळा मागच्या बाजूनें निसटतो. ठेंगणें आसन आणि खालीं पडलेली वस्तु यांत नेमक्या ह्याच हालचाली एकत्र येतात.

चार्नलीला हा धोका कळत नव्हता असें नाहीं. तो मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा स्नायूंसह कापून बाजूला करी, आणि सांधा बसल्यावर तो जरा बाहेरच्या अंगाला तारांनीं पुन्हां जखडून टाकी. त्यामुळें स्नायु ताणले जाऊन गोळा खोबणींत दाबून राही. पण ही पद्धति वेळखाऊ. तारा तुटत, कापलेला तुकडा कधींकधीं सांधला जात नसे. इतर शस्त्रवैद्यांनीं सोपी वाट पत्करली. पाठीमागून, ढुंगणाच्या स्नायूंमधून आंत शिरावें, सांधा फिरविणारे मागचे लहान स्नायु आणि कोशाची मागची भिंत कापावी, आणि सांधा बसवावा. या वाटेनें रक्त कमी जाई, चालण्याचे मुख्य स्नायु शाबूत राहत. मात्र ज्या दिशेनें गोळा पळण्याचा संभव, नेमकी तीच भिंत या वाटेनें पाडली जाई.

परिणाम आंकड्यांत दिसूं लागला. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें १९६९ ते १९७८ या काळांत बसविलेल्या १०,५०० खुब्यांचा हिशेब १९८२ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ३.२ टक्के निखळले होते. पुढून-बाजूनें केलेल्या शस्त्रक्रियांत २.३ टक्के, तर मागून केलेल्यांत ५.८ टक्के. त्याच संस्थेनें २००४ मध्यें चार्नली पद्धतीच्या सहा हजारांहून अधिक खुब्यांचा दीर्घ काळ पाठपुरावा करून सांगितलें कीं, पहिल्या महिन्यांत शेंकडा एक, पहिलें वर्ष संपेपर्यंत शेंकडा दोनाच्या जवळपास, आणि पुढें दर पांच वर्षांना सुमारें एक टक्का वाढत वाढत पंचवीस वर्षांनीं सात टक्के सांधे केव्हां ना केव्हां निखळतात. पहिले तीन महिने सांभाळले कीं सुटलों, अशी घरोघर जी समजूत असते तिला हा हिशेब पुरता अनुकूल नाहीं. वार्धक्यांत स्नायु क्षीण होतात, अस्तर झिजतें, आणि पंधरा वर्षें निमूटपणें चाललेला सांधा एखाद्या सकाळीं जागा सोडतो.

यावर उपाय काय? पहिला उपाय अगदींच साधा निघाला, आणि तो इतक्या उशिरां सुचावा याचें आश्चर्य वाटतें. मागची भिंत पाडली तर ती जातांना पुन्हां बांधावी! १९९८ मध्यें अमेरिकेंतील दोन शस्त्रवैद्यांनीं आपापले आंकडे पुढें ठेवले. कापलेला कोश आणि स्नायु हाडाला शिवून टाकूं लागल्यापासून एकाच्या हातून निखळण्याचें प्रमाण चार टक्क्यांवरून शून्यावर आलें, दुसऱ्याचें ६.२ वरून ०.८ वर. सुई-दोऱ्याच्या कांहीं टांक्यांचें हें काम.

दुसरा उपाय खोबणीच्या कलाचा. ती कोणत्या कोनांत बसवावी? १९७८ मध्यें लुइनेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं तीनशें खुब्यांच्या क्ष-किरण चित्रांवरून एक ‘सुरक्षित क्षेत्र’ आंखून दिलें: कल ३० ते ५० अंश, पुढची तोंडवळण ५ ते २५ अंश. या क्षेत्राबाहेर बसलेले ६.१ टक्के निखळले, आंत बसलेले दीड टक्का. पुढें चाळीस वर्षें हीं मापें जगभरच्या शस्त्रवैद्यांनीं पाठ केलीं. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्या तीनशें खुब्यांत निखळलेले होते अवघे नऊ. नऊ सांध्यांच्या पायावर एवढी इमारत! २०१६ मध्यें मेयो क्लिनिकनें नऊ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांतील २०६ निखळलेले खुबे तपासले, तेव्हां त्यांतले ५८ टक्के त्या सुरक्षित क्षेत्राच्या आंतच बसलेले आढळले.

तिसरा उपाय गोळा मोठा करण्याचा, आणि या वाटेवर फार मोठी ठेंच लागली. स्वित्झर्लंडच्या म्यूलरनें ३२ मिलिमीटरचा गोळा पूर्वींच वापरला होता. पण गोळा मोठा म्हणजे प्रत्येक पावलाला अस्तरावर तो अधिक लांब घासणार. पॉलिएथिलीनचा भुगा अधिक पडणार. आणि टेफ्लॉनप्रमाणेंच, जरा सावकाश, तोहि हाड पोखरणार. तेव्हां प्लॅस्टिकच काढून टाकावें आणि धातूवर धातु फिरवावा, असा विचार पुढें आला. चार्नलीच्याच काळांत नॉरिचच्या मकी यानें तसा सांधा बनविला होता. १९९० नंतर अधिक अचूक यंत्रांनीं घडविलेले धातूचे मोठे गोळे आले. ते निखळत फार थोडे, म्हणून तरण्या रोग्यांना ते आनंदानें बसविण्यांत आले. पण धातूचे सूक्ष्म कण आणि क्षार रक्तांत व भोंवतालच्या मांसांत उतरले. कित्येकांच्या सांध्याभोंवतीं गाठी झाल्या, स्नायु मेले. ऑगस्ट २०१० मध्यें अशा एका सांध्याचे नग जगभरांतून परत मागविण्यांत आले. तोंवर सुमारें ९३ हजार बसविले गेले होते. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीवरून २०१२ मध्यें असें दिसलें कीं, धातूवर धातु असलेल्या सांध्यांत गोळा जितका मोठा तितका तो लौकर निकामी होतो. निखळण्याची भीति घालविण्यासाठीं जी वस्तु आणली तिनें दुसऱ्याच वाटेनें रोग्याला पुन्हां शस्त्रक्रियेच्या मेजावर नेलें. ज्यांना ती बसली त्यांना हा सौदा कोणी समजावून सांगितला होता काय, हा प्रश्न मला नेहमीं अस्वस्थ करतो.

या गोंधळांतून दोन चांगल्या गोष्टी मात्र टिकल्या. १९९८ च्या सुमारास किरणांचा मारा करून अधिक टणक केलेलें पॉलिएथिलीन वापरांत आलें. तें इतकें कमी झिजतें कीं, त्याच्या पातळशा अस्तरांतहि ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा निश्चिंतपणें बसवितां येतो. चार्नलीला जी निवड करावी लागली ती करण्याचा प्रसंग या पदार्थामुळें बव्हंशीं टळला आहे. दुसरी गोष्ट त्याहून जुनी. फ्रान्समधील सेंतेत्येन या कोळशाच्या खाणींच्या गांवीं जेरार बूस्के यानें १९७० नंतरच्या दशकांत एक चतुर सांधा केला. चार्नलीसारखा लहान गोळा त्यानें प्लॅस्टिकच्या एका मोठ्या गोळ्यांत कोंडला, आणि तो मोठा गोळा धातूच्या वाटींत मोकळा सोडला. नित्याच्या चालण्यांत आंतला लहान गोळा फिरतो, म्हणून घर्षण कमी. पाय फार वळून मान अडली कीं बाहेरचा मोठा गोळा फिरूं लागतो. निसटावयाचें तर आतां त्या मोठ्या गोळ्याला कड ओलांडावी लागते. एका निवडीचीं दोन्ही फळें एकत्र घेण्याची ही युक्ति फ्रान्सबाहेर पसरण्यास तीस वर्षें लागलीं. निखळण्याचा धोका ज्यांना विशेष, त्यांच्यासाठीं आज ती पुष्कळ ठिकाणीं वापरतात.

धोका विशेष कोणाला, हेंहि सांगितलें पाहिजे, कारण आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांचा त्यांत मोठा वांटा असतो. पडून मांडीच्या हाडाची मान मोडली म्हणजे शस्त्रवैद्यापुढें दोन वाटा असतात: गोळा तेवढा बदलावा, किंवा गोळा आणि खोबण दोन्ही. गोळा तेवढा बदलला तर तो मूळच्या मापाचाच, मोठा बसतो, आणि नैसर्गिक खोबणीची झालरहि राहते. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील सुमारें दीड हजार रोग्यांच्या तुलनेंत, दोन वर्षांत पूर्ण सांधा बदललेल्यांपैकीं ४.७ टक्क्यांना सांधा निखळण्याचा किंवा अस्थिर होण्याचा त्रास झाला. गोळा तेवढा बदललेल्यांपैकीं २.४ टक्क्यांना. चालण्या-फिरण्यांत दोहोंचा फरक फारसा पडला नाहीं. तेव्हां ऐंशीच्या घरांतील आजींना ‘अर्धाच सांधा’ कां बसविला, म्हणून रागावण्याचें कारण नाहीं.

आणखी एक धोका अलीकडेच उमगला आहे. आपण उभ्याचे बसतों तेव्हां केवळ खुबा दुमडत नाहीं. कमरेचें हाडहि मागें कलतें आणि खोबणीचें तोंड पुढें उघडून गोळ्याला वाट करून देतें. ज्यांचा पाठीचा कणा वयानें ताठला आहे, किंवा शस्त्रक्रियेनें मणके एकत्र जखडले आहेत, त्यांचें कमरेचें हाड कलत नाहीं. सारा वांक खुब्यालाच घ्यावा लागतो, आणि मान कांठाला अडते. मणके जखडलेल्या लोकांत खुबा निखळण्याचें प्रमाण दुपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळलें आहे. निखळलेले निम्म्याहून अधिक सांधे ‘सुरक्षित क्षेत्रांत’ कां सांपडले, याचा एक उलगडा यांत आहे. उभ्या माणसाचें चित्र काढून मोजलेला कोन बसलेल्या माणसाला लागू पडत नाहीं. म्हणून आतां जाणते शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याचें एक चित्र उभ्यानें आणि एक बसवून घेतात, आणि पाठीवर पूर्वीं शस्त्रक्रिया झाली होती काय तें विचारतात. त्यांनीं न विचारलें तर आपण आपण होऊन सांगावें.

आतां त्या कागदाकडे परत येऊं. त्यांतल्या निषेधांचा खरोखर किती उपयोग होतो, हेंहि लोकांनीं तपासून पाहिलें आहे. फिलाडेल्फियाच्या शस्त्रवैद्यांनीं पुढून-बाजूनें केलेल्या ३०३ खुब्यांचे दोन गट केले. एकाला नेहमींचे सारे निर्बंध, दुसऱ्याला थोडेच. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या वृत्तांतांत एकूण एकच खुबा निखळला. तो निर्बंध पाळणाऱ्या गटांतला होता, आणि निखळला तो रोग्याला मेजावरून खाटेवर नेतांना, पायांमध्यें संरक्षक उशी बांधलेली असतां! मोकळीक दिलेली माणसें मात्र लौकर कामाला लागलीं, लौकर कुशीवर निजलीं, आणि अधिक समाधानी होतीं. यावरून मागून केलेल्या शस्त्रक्रियेचे निर्बंधहि फेंकून द्यावे असें मी म्हणत नाहीं. तेथें मागची भिंत नुकतीच शिवलेली असते आणि तिला भरून येण्यास आठवडे लागतात. पण कोणत्या वाटेनें शस्त्रक्रिया झाली, गोळा किती मोठा आहे, आणि यादींतील कोणता निषेध किती दिवसांसाठीं, हें विचारण्याचा रोग्याला अधिकार आहे. एकाच छापील कागदानें सर्वांचें काम भागत नाहीं.

त्यांतून हा कागद मूळचा खुर्च्यांच्या देशांतला. तेथें ठेंगणें आसन म्हणजे मऊ कोच. आपल्याकडे तें पाट, सतरंजी, न्हाणीघरांतली चौरंगी आणि शौचकूप होय. येथें एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मांडी घालून बसतांना गुडघे बाहेर पडतात आणि पाय बाहेरच्या बाजूला वळतो. मागून निसटणाऱ्या गोळ्याला ही ठेवण तितकी सोयीची नसते. उकिडवें बसणें मात्र वेगळें. त्यांत मांडी पोटाला भिडते. जमिनीवरून उठतांना एक हात टेकून, गुडघा आंत घेऊन, अंग पुढें झोकणें हें तर सर्वांत वाईट. धोका पुष्कळदां बसण्यांत नसतो, उठण्यांत असतो. म्हणून शौचकुपावर उंच बैठक बसविणें आणि भिंतीला हातानें धरावयास एक दांडा ठोकणें, हीं सुताराचीं व गवंड्याचीं कामें शस्त्रक्रियेच्या आधींच उरकून घ्यावीं.

आणि इतकें करूनहि सांधा निखळलाच तर? एकदम कळ येते, पाय टेकवत नाहीं, तो आंखूड दिसतो, आणि मागून निखळला असल्यास गुडघा व पाऊल आंत वळलेलें असतें. अशा वेळीं घरच्या कोणीं पाय ओढूं नये, चोळूं नये, उभें करूं नये. रोग्याला जसा असेल तसा, उशांचा आधार देऊन, इस्पितळांत न्यावा. आणि त्याला खाण्यापिण्यास कांहीं देऊं नये, कारण भूल द्यावी लागते. भुलीनें स्नायु सैल पडले कीं शस्त्रवैद्य मांडी वर दुमडतो, एक मदतनीस कंबर खालीं दाबून धरतो, पाय सरळ वर ओढला जातो, आणि बहुतेक वेळां गोळा खट्‌कन् आवाज करून खोबणींत परत जातो. शस्त्र लावावें लागत नाहीं. पुढें क्ष-किरणानें खात्री करून घेतात, आणि रोग्याला बहुधा एक-दोन दिवसांत आधारानें चालवितात.